पाठ टेकली का?

२०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्राला दोन 'महाराष्ट्र केसरी' मिळाले. पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीत केलं आणि मानाची गदा उचलली. दहाएक दिवसांनी धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली. तिचंही नाव 'महाराष्ट्र केसरी'च. तिथं त्याच शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि गदा उचलली. म्हणजे एकाच महिन्यात एकच पैलवान महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हरला आणि जिंकलाही. दोन स्पर्धांमागे दोन संघटना होत्या, आणि आपलीच स्पर्धा खरी, असं दोघींचं म्हणणं होतं.

ज्यांना कुस्तीत रस नाही त्यांच्यासाठी हा विनोद होता. पण ज्यांनी आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षं आखाड्याच्या कडेला बसून काढली, त्यांच्यासाठी नव्हता. अशी काही माणसं मी रोज बघतो. मी विष्णुपुरीचा. नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलात की गोदावरीकाठी आमचं गाव लागतं. आता गावाची ओळख धरण, इंजिनिअरिंग कॉलेज, मेडिकल कॉलेज आणि विद्यापीठ अशी आहे. पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावत असतात. पण पारावर बसणारी जी सात-आठ म्हातारी मंडळी आहेत, त्यांची ओळख वेगळी आहे. ते कुस्तीचे शौकीन. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांच्यातलेच. त्या नोव्हेंबरमध्ये आबांनी एकच प्रश्न विचारला होता, "मंग खरा कोन?" कोणी उत्तर दिलं नाही आणि विषय कापसाच्या भावाकडे गेला.

मला त्या विषय बदलण्याचं नवल वाटलं. ही मंडळी कुस्तीवरून रात्र-रात्र भांडणारी. त्यांनी बोलणंच सोडून द्यावं असं काय झालं? कारणं विचारली तर तीन ठरलेली उत्तरं मिळतात: गादी आली आणि माती गेली, पैसा आला आणि इमान गेलं, राजकारण आलं आणि कुस्ती गेली. तिन्ही उत्तरं मला घासून बघावीशी वाटली. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

माळेगावची माती

विष्णुपुरीहून त्याच रस्त्यानं पुढं गेलं की लोहा, आणि लोह्याच्या पुढं माळेगाव. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, लावणी आणि कुस्त्यांची दंगल यांसाठी ही यात्रा मराठवाड्याबाहेरही माहीत आहे. आबांनी कुस्ती पहिल्यांदा पाहिली ती इथं, आणि शिकले तेही इथंच. शिकले म्हणजे खेळायला नाही, बघायला.

कुस्ती बघणं ही शिकायची गोष्ट आहे, हे आमच्या पिढीला सांगावं लागतं. जुन्या मैदानाची रीत अशी होती. सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी. बक्षीस रेवड्या नाहीतर नारळ. मग पाच रुपये, दहा रुपये, पन्नास रुपये असं चढत जायचं आणि शेवटी मानाची कुस्ती. पैलवान लंगोटावर मैदानात फिरायचे. पंच दोघांना जवळ उभं करून उंची, वजन, हाताड बघायचे आणि जोड लावायचे. जोड बरोबरीची वाटली नाही तर कडेचे लोक ओरडायचे आणि पंचांना ती मोडावी लागायची. म्हणजे कुस्ती सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षक तिच्यात शिरलेला असायचा.

मग हलगी कडाडायची, शड्डू ठोकले जायचे, माती एकमेकांच्या अंगाला लावली जायची. जिंकायचं कसं, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. समोरच्याची पाठ मातीला लावायची. एकलंगी मारा, घिस्सा मारा, ढाक लावा, कलाजंग करा, शेवट एकच. दोन्ही खांदे मातीत. उठल्यावर पाठीला लागलेली तांबडी माती हाच पुरावा. पंचाला फार बोलावं लागायचं नाही. त्यानं हात वर करायच्या आधीच मैदान ओरडलेलं असायचं.

आबा म्हणतात, "आरं, आमच्या टायमाला पंच चुकला तं त्याला हजार डोळे व्हते." पंच आसपासच्याच गावचा. मैदान संपल्यावर त्याला त्याच लोकांबरोबर बैलगाडीनं परत जायचं असायचं. चुकीचा निकाल दिला तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला जाब विचारला जायचा. लिहिलेला नियम कुठंच नव्हता, पण हा धाक होता.

खासबाग ते औरंगाबाद

महाराष्ट्रातल्या कुस्तीचा इतिहास सांगताना सगळे कोल्हापूरपासून सुरू करतात, आणि ते बरोबरही आहे. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, तालमी वाढवल्या आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं होतं, त्यावरून ही कल्पना आली असं सांगतात. मला त्या मैदानाची रचना महत्त्वाची वाटते. मध्ये आखाडा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी जमीन. कुठंही बसा, पैलवानाची पाठ दिसते. बांधणाऱ्याच्या मनात पैलवानाइतकाच बघणारा माणूस होता.

आमचा मुलूख मात्र तेव्हा कोल्हापूरच्या जगात नव्हता. नांदेड, लातूर, बीड, परभणी हे सगळं हैदराबाद संस्थानात. कुस्ती इकडंही होती, पण तिची गोष्ट थोडी निराळी. १९३० च्या दशकात उदगीर, निलंगा, लातूर या भागात आर्य समाजाचं काम जोरात होतं आणि त्या कामात आखाडे आणि व्यायामशाळांना मोठी जागा होती. १९३८-३९ च्या सत्याग्रहात जी तरुण पोरं तुरुंगात गेली, त्यांतली कितीतरी अशा आखाड्यांत घडलेली होती. आखाडा म्हणजे अंग कमावायची जागा, आणि निजामाच्या राजवटीत चार माणसांनी एकत्र जमायचीही जागा.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. कुठं? पुण्यात नाही, कोल्हापुरात नाही. औरंगाबादला. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. स्पर्धा भरवणारी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये स्थापन केली होती.

नव्या राज्याचा सगळ्यात मोठा पैलवान ठरवायची पहिली कुस्ती मराठवाड्याच्या जमिनीवर झाली, याचं इथल्या शौकिनांना अजून अप्रूप आहे. कारण 'महाराष्ट्र केसरी' ही नुसती पदवी नव्हती. एका राज्यात एकच केसरी, आणि तो कोण हे सगळ्या जिल्ह्यांना मान्य. वेगवेगळ्या राजवटींतून एकत्र आलेल्या लोकांना एका नावावर एकमत होण्याची ती एक संधी होती.

रामलिंग मुदगडचा पैलवान

ती संधी लातूरकरांनी १९६९ मध्ये साधली. त्या वर्षीची स्पर्धा लातूरला होती आणि ती जिंकली हरिश्चंद्र बिराजदार यांनी. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा मुलगा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचं होतं. जिल्हा व्हायच्या आधी लातूरला केसरी मिळाला, असं आबा गमतीनं म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, बिराजदारांनी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं.

पण शौकिनांच्या तोंडी पदकापेक्षा जास्त असते ती १९७७ ची बेळगावची कुस्ती. समोर दिल्लीचा सतपाल. गुरू हनुमान यांचा पट्ठा, त्या काळात न हरणारा समजला जाणारा. बिराजदारांनी त्याला हरवलं. ही कुस्ती प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस आमच्या पारावर नाही, तरी प्रत्येकाला ती तोंडपाठ आहे. ट्रकवाल्यांनी, बैलबाजाराच्या दलालांनी, बदली होऊन आलेल्या मास्तरांनी ती गावोगाव नेली. आणि कोणीही, कधीही, "निकाल खरा होता का?" असं विचारलेलं नाही. टीव्ही नाही, रिप्ले नाही, सगळं ऐकीव. तरीही संशय नाही.

पुढं बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. २०११ मध्ये ते गेले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचाच पट्ठा. नंतर तो लातूरच्याच काका पवारांकडे शिकला, २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य.

तेव्हाही सगळं सोन्याचं नव्हतं

इथवर वाचून वाटेल की जुना काळ फार निर्मळ होता. तसं नव्हतं. 'नुरा कुस्ती' हा शब्द आजचा नाही. दोन पैलवानांनी आधीच ठरवून खेळायचं, लोकांना झुलवायचं, इनाम वाटून घ्यायचं, हे तेव्हाही चालायचं. एकाच तालमीतले दोघे समोरासमोर आले की अर्धा-पाऊण तास नुसते हात खेचत राहायचे आणि कुस्ती बरोबरीत सुटायची. आबांनी अशा कितीतरी कुस्त्या पाहिल्या आहेत. एकदा लोकांनी हलगीवाल्याला वाजवणं बंद करायला लावलं, असं ते सांगतात. हलगी थांबली की पैलवानाला कळायचं, लोकांनी आपल्याला ओळखलं.

आणखी एक गोष्ट आबा सांगत नाहीत, आजी सांगते. ती जन्मभर माळेगावच्या यात्रेला गेली. देव केला, बांगड्या भरल्या, पण आखाड्याच्या कडेला कधी उभी राहिली नाही. 'हजार डोळे' होते खरे, पण ते सगळे पुरुषांचे. तेव्हा जुन्या काळाचं कौतुक करताना तो कोणाचा काळ होता, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

मग तक्रार नेमकी कशाची? फसवणूक तेव्हाही होती. फरक हा की ती ओळखायची आणि तिथल्या तिथं नाकारायची सोय प्रेक्षकाच्या हातात होती.

गादीचा दोष किती?

आता पहिलं उत्तर घेऊ. 'गादी आली आणि माती गेली.' खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना गादीची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बिराजदारांचं १९७० चं सुवर्णही गादीवरचंच. मातीतला पैलवान गादीवर जिंकला तर शौकीन नाराज होत नाही, उलट त्याची छाती फुगते. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग कितीतरी वर्षं आहेत. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात.

खरी अडचण गुणांची आहे. गादीवर पाठ न लावताही जिंकता येतं. पाठीमागं जाऊन ताबा घेतला की दोन गुण, मोठा डाव बसला की चार, पैलवान नुसता मागं सरकत राहिला तरी समोरच्याला गुण. हे कळायला नियम माहीत हवेत, आणि नियमही एका जागी राहिले नाहीत. २००५ च्या सुमारास कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची झाली. फेरी बरोबरीत सुटली तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला समोरच्याचा पाय धरायला द्यायचा! २०१३ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्ती ऑलिम्पिकमधून काढायची शिफारस केली. मग धावपळ होऊन नियम पुन्हा बदलले, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती वाचली.

ज्यानं चाळीस वर्षं डोळे तयार केले, त्याला दर काही वर्षांनी सांगायचं की तू जे बघतोस ते पुरेसं नाही, फळ्यावरचा आकडा बघ. शौकिनाला गादी खुपत नाही, हा आकडा खुपतो.

नांदेडचा केसरी

दुसरं उत्तर पैशाचं. पैसा कुस्तीत नेहमीच होता. राजे इनाम द्यायचे, गावं वर्गणी काढायची, व्यापारी फेटे बांधायचे. आता थार गाडी मिळते. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरी झालेल्या शिवराज राक्षेला थार मिळाली, त्याचा पारावर कोणाला राग नव्हता. पैलवानाचा खुराक काय असतो हे माहीत असलेला माणूस त्याच्या गाडीवर जळत नाही. मोठ्या पदकावर सरकारी नोकरी मिळते. राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला, तेव्हा मराठवाड्यात पेढे वाटले गेले.

पण त्याच २०२३ च्या निकालात एक गोष्ट होती जी आमच्या मंडळींना कशी घ्यावी ते कळलं नाही. शिवराज स्पर्धेत उतरला होता नांदेडच्या नावानं. बातम्यांत 'नांदेडचा शिवराज राक्षे' असं येत होतं. पोरगा मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरचा, तालीम पुण्यात. दुसऱ्या जिल्ह्यातून खेळायला नियमात वाट आहे आणि त्यानं तसं करण्यात काही गैर नाही. तरी पारावर शांतता होती. जिल्ह्याला केसरी मिळाला होता, मिरवणूक मात्र काढावीशी वाटत नव्हती. एक म्हातारबा म्हणाले, "नाव आपलं, पोरगं त्यांचं. आपल्या पोरायचं काय?"

प्रश्न खरा आहे. लातूरचे काका पवार पुण्यात तालीम चालवतात आणि मराठवाड्यातली होतकरू पोरं तिकडं जातात, कारण तिथं गादी आहे, वस्ताद आहेत, सरावाला जोडीदार आहेत. इकडच्या तालमी रिकाम्या होतात. ज्या पोराला लहानपणी रेवड्यांच्या कुस्तीत पाहिलं, तोच मोठा होऊन मानाच्या कुस्तीला उभा राहिलेला बघणं, हे शौकिनाचं खरं सुख होतं. आता मधली दहा वर्षं तो पोरगा दिसतच नाही.

तरीही पुण्यातल्या त्याच तालमीनं शौकिनांना त्यांच्या म्हातारपणातला सगळ्यात सुंदर क्षण दिला. जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरी. अंतिम कुस्तीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचे पट्ठे. हर्षवर्धन निसटत्या गुणांनी जिंकला आणि जिंकल्यावर त्यानं शैलेशला खांद्यावर घेतलं. लातूरचा पैलवान हरला होता, तरी आबा तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावायला सांगायचे. तोही निकाल गुणांवरचा, तीही कुस्ती गादीवरची. हरणाऱ्यानं निकाल मानला, म्हणून आमच्याही मनात शंका राहिली नाही.

दोन संघटना, दोन गदा

तिसरं उत्तर राजकारण. राजाश्रयाशिवाय कुस्ती कधीच जगली नाही, तेव्हा 'राजकारण आलं' एवढ्यानं काही कळत नाही. काय आलं ते नेमकं सांगायला हवं.

२०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. राज्यात दुसरी संघटना उभी राहिली, वाद कोर्टात गेला. पुढच्या वर्षी, २०२३ च्या जानेवारीत, सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. काही दिवसांतच कुस्ती बाजूला राहिली आणि लोक मल्लांची जात, धर्म, जिल्हा काढायला लागले. त्याच महिन्यात दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या मोठ्या पैलवान मुली महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत धरण्याला बसल्या होत्या. ऑगस्टमध्ये, वेळेत निवडणूक न घेतल्याबद्दल, जागतिक संघटनेनं भारतीय महासंघाला निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडं दोन केसरी झाले. डिसेंबरमध्ये साक्षी मलिकनं पत्रकार परिषदेत टेबलावर आपले बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. एवढं सगळं एका वर्षात.

मग २०२५. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहिल्यानगरच्या स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं शिवराजचं म्हणणं. वाद वाढला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत गुणांवरून वाद घालत महेंद्र गायकवाड काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. पृथ्वीराज केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात कर्जतला दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके केसरी झाला. पुन्हा दोन.

दूरच्या देशातले शौकीन

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात गाड्यांच्या शर्यतींचा एक खेळ आहे, स्टॉक कार रेसिंग. त्याची मुख्य संघटना नॅसकार १९४८ मध्ये सुरू झाली. कारखान्यातून निघणाऱ्या साध्या गाड्यांसारख्या गाड्या, छोट्या गावांबाहेरचे ट्रॅक, पिढ्यान्‌पिढ्या येणारी कुटुंबं. पूर्वी वर्षभराच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरायचा. २००४ मध्ये नियम बदलला, शेवटच्या काही शर्यतींसाठी गुण जवळ आणून नवी चुरस तयार केली. पुढं तो पुन्हा-पुन्हा बदलला. नॉर्थ विल्क्सबोरो नावाच्या छोट्या गावातला जुना ट्रॅक १९९६ मध्ये वगळला आणि मोठ्या शहरांना शर्यती दिल्या. जुने शौकीन दुरावत गेले. २०२३ मध्ये त्या जुन्या ट्रॅकवर पुन्हा मोठी शर्यत भरवावी लागली.

त्यांची तक्रार वाचली की मला आमचा पार आठवतो. गाड्या अजून वेगानं धावतात, पैलवान अजून तगडे आहेत. पण विजेता कसा ठरला हे शेजारच्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही, आणि तो जिथं ठरतो ती जागा आपल्या गावापासून लांब गेलेली असते.

बघे आणि साक्षीदार

अहिल्यानगरचा तो व्हिडिओ आमच्या गावात प्रत्येक मोबाइलवर होता. स्लो मोशनमध्ये, बोटांनी मोठा करून, थांबवून थांबवून लोकांनी तो पाहिला. पाठ टेकली का? एकाला टेकलेली दिसायची, दुसऱ्याला नाही. त्याच पारावर, त्याच मोबाइलवर.

खासबागच्या मैदानात सगळ्यात वर बसलेल्या माणसालाही इतकं स्पष्ट कधी दिसलं नसेल. आणि तरी त्या माणसाला निकालात जितकी जागा होती, तितकी आज कोणालाच नाही. तो साक्षीदार होता. त्याच्या ओरडण्यानं जोड मोडायची, हलगी थांबायची, पंच विचार करायचा. आपण पाहतो, कमेंट करतो, पुढं पाठवतो, आणि निकाल टेबलावर, कार्यालयात नाहीतर कोर्टात लागतो. शौकीन चिडलेत ते माझ्या मते यासाठी. त्यांच्याकडून कुस्ती कोणी घेतली नाही. साक्ष द्यायचा हक्क घेतला. 'मंग खरा कोन?' हा आबांचा प्रश्न असा माणूस विचारतो, ज्याला आजवर हे कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून माती परत आणा, असं मी म्हणणार नाही. आजीला ज्या कडेला उभं राहता आलं नाही, तिथं आता मुली आत उतरतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तीही गुण आणि नियमांच्याच काळात. कुस्तीचं दार मोठं झालं, ते आबांना पटायला वेळ लागला, पण पटलं. मागणी त्याहून साधी आहे. एक राज्य, एक केसरी. पंचानं गुण दिले तर का दिले हे मैदानाला माइकवर मराठीत सांगायचं. चूक झाली तर ती तिथंच मान्य करायची. आणि जिल्ह्याच्या नावानं गदा येत असेल तर त्या जिल्ह्यात एखादी तालीम चालू ठेवायची.

तोवर शौकिनांनी आपली वाट काढली आहे. ते माळेगावला अजून जातात. मी गेल्या दोन वर्षांत आबांबरोबर गेलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ते दुपारी लवकर जाऊन अगदी पुढं बसतात, जेव्हा शाळकरी पोरं लढत असतात आणि मागं गर्दीही नसते. मोठ्या इनामाच्या कुस्त्या सुरू झाल्या, लाउडस्पीकरवर पाहुण्यांची नावं वाचायला लागले, की ते धोतर झटकून उठतात. "चल, चहा घिऊ."

मागच्या खेपेला उठायच्या आधी त्यांनी पाहिलेली शेवटची कुस्ती दहा-अकरा वर्षांच्या दोन पोरांची होती. त्यांतल्या धाकट्यानं मोठ्याला झोळी बांधली आणि उलथवलं. पंच वाकून बघायच्या आत कडेचे सगळे ओरडले होते. हरलेला पोरगा उठला, त्याच्या पाठीला माती होती. आबांनी खिशातून वीसची नोट काढली आणि जिंकलेल्याच्या हातात दिली. मग दुसरी काढली आणि हरलेल्याला दिली.